मी काढलेला फोटो आणि ताजबीची बालवाडी

मी भांडकुदळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी म्हणायला नको की दिपमालानं गोड बोलून गंडवलं. सासरी कुसुंब्याला मला सगळे 'मिरचीचं बी' म्हणतात, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. खानदेशात राहायचं आणि मिरचीला नावं ठेवायची, हे कुठलं शहाणपण? तर ही गोष्ट भांडणापासूनच सुरू होते, आणि त्या भांडणात चूक माझी होती. हे वाक्य मी जन्मात फार कमी वेळा बोलले आहे, म्हणून नीट ऐका.

गेल्या जूनमधली गोष्ट. जळगावच्या एमआयडीसीत दीपचंद शेठची डाळमिल आहे, तिथं मी निवडीवर होते. निवड म्हणजे काय, तर मशीनमधून भरडून आलेली तूरडाळ पुढ्यात ओढायची आणि तिच्यातला खडा, काळा दाणा, न फुटलेला गोटा वेचून बाजूला काढायचा. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत. सहा वर्षं केलं मी हे. दुपारी तीनला कंबर बोलायला लागते. बोटांची टोकं अशी गुळगुळीत होतात की रेशनच्या मशीनवर अंगठाच उमटत नाही. तीनतीनदा दाबावा लागतो, आणि मागची रांग आपल्याला शिव्या देते.

माझी हंसिका तेव्हा साडेतीन वर्षांची. नवरा दीपक दिवसभर रिक्षावर. पोरगी शेजारच्या भिकुबाईंकडे ठेवायचे. भिकुबाई सत्तरीची, डोळ्यांनी अधू. ती माउली पोरीच्या हातात मोबाइल देऊन उंबऱ्यावर बसून राहायची. माझी लेक 'आई' नीट म्हणायच्या आधी 'सबस्क्राइब' म्हणाली. हसू नका, मी रडले होते. घरात बडबड करायची, पण बाहेरचं माणूस दिसलं की तोंड बंद. उघडायची ते फक्त चावायला. गल्लीतल्या चार पोरांच्या दंडावर तिचे दात उमटले होते, आणि त्या चौघांच्या आयांशी मी वरून भांडले होते.

मग बायांनी सांगितलं, मिलच्या मागं ताजबीची बालवाडी आहे, तिथं घाल. मिलमधल्या बायांचीच अडीच ते सहा वर्षांची पोरं, बावीस-तेवीस. म्हटलं, चला, निदान मोबाइल तरी सुटेल.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पोरगी काय करतेय म्हणून डोकवायला गेले. आणि बघते तर काय! जमिनीवर पितळी परात. परातीत तूर, मूग, मसूर, हरभरा, चार डाळी मिसळलेल्या. परातीच्या एका बाजूला माझी हंसिका, दुसऱ्या बाजूला माझ्यासोबत निवडीवर बसणाऱ्या नाजमीनचा झैद. आणि माझी लेक मान खाली घालून, ओठ दाबून, एक एक दाणा उचलून वाटीत टाकतेय. हुबेहूब माझ्यासारखी बसलेली. कंबरेत तसाच बाक.

राग आला की मी अहिराणीवर जाते. "हाई काय शे, ताजबी?" मी दारातूनच ओरडले. "मी जन्मभर डाळ निवडते ती हिला निवडावी लागू नये म्हणून! आणि तू तीन वर्षांच्या पोरीला निवडीवर बसवतेस? शेठला पुढची पिढी आयती तयार करून देतेस का?"

ताजबी साठीच्या घरातली. उंची एवढीशी, अंगावर धुऊन विटलेली सुती साडी, आवाज मात्र रस्त्यापलीकडं जाणारा. तो आवाज तिनं तेव्हा वापरला नाही. हळूच म्हणाली, "ओरडू नको. पोरं कामात आहेत."

"कामातच आहेत ना! तेच म्हणतेय मी!"

"बस इथं. तूही निवड."

आणि मला हंसिकाच्या समोर बसवलं. झैद सरकला. मी रागातच बोटं चालवली. सहा वर्षांची सवय आहे, दोन मिनिटांत अर्धी परात साफ. मान वर केली तर हंसिकाचे डोळे भरलेले. तिनं दोन्ही हातांनी परात ढकलून दिली आणि डाळ सगळ्या खोलीभर झाली.

"दिसलं?" ताजबी म्हणाली. "तू मजुरी केलीस. ती शिकत होती."

"काय शिकत होती? काळा दाणा ओळखायला?"

"शिकायचं असेल तर सांगेन. पण तुला आत्ता ऐकायचं नाही, तुला जिंकायचं आहे. सुट्टी संपली, जा."

मला असं कोणी बोललेलं नव्हतं. पोरं सांडलेली डाळ गोळा करायला लागली होती. हंसिका आणि झैद पुन्हा परातीशी बसले. मी मोबाइल काढला आणि खटकन फोटो घेतला. दोन पोरं, मध्ये डाळीची परात, मागं खिडकीतून दिसणारी मिलच्या मार्क्याची बारदानं. संध्याकाळी तो फोटो माझ्या भावाला, हितेंद्रला पाठवला. तो पाचोऱ्याला मोबाइलवरच बातम्यांचं चॅनेल चालवतो. खाली लिहिलं, 'बघ, आमच्या मिलमध्ये पोरांकडून डाळ निवडून घेतात.' त्यानं अंगठा पाठवला आणि लिहिलं, 'ताई, लावतो कधीतरी.' माझं डोकं थंड झालं आणि मी झोपले.

आता ताजबी कोण, ते सांगते. हे मला नंतर नाजमीननं सांगितलं, थोडं तिनं स्वतः.

ताजबी मूळची सावद्याची. बाप केळीच्या गाड्या भरायचा. अठराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला तांबापुऱ्यात आली. नवरा जहांगीर याच मिलमध्ये हमाल होता, दीपचंद शेठच्या वडिलांच्या वेळी. एक दिवस पोत्याखाली त्याची पाठ गेली ती गेलीच. मग ताजबी निवडीवर बसली. बावीस वर्षं बसली. म्हणजे मी सहा वर्षांचा तोरा मिरवत जिच्यावर ओरडले, तिनं माझ्या चौपट डाळ निवडलेली होती.

तिचा एक मुलगा, शेहजाद. तेव्हा बालवाडी कुठली? ती त्याला सोबत आणायची आणि पोत्यांच्या थप्पीमागं बसवायची. मुकादमाला दिसायला नको, म्हणून सांगायची, गप बस. हलू नको, बोलू नको, काही मागू नको. चार वर्षं पोरगं गप बसलं. मग शाळेत गेलं तर तिथंही गप. मास्तरला वाटलं मठ्ठ आहे. कोणाशी खेळायला जमेना, काही विचारायला जमेना. तिसरीत शाळा सुटली. आज सुरतेला वेल्डिंग करतो, सुखात आहे, पण अजूनही चार माणसांत तोंड उघडत नाही. ताजबी म्हणते, "मी माझ्या लेकराला गप बसायला शिकवलं. इतकं चांगलं शिकवलं की विसरलाच नाही."

हे सांगताना ती रडत नाही. चिडते. स्वतःवर चिडते, आणि ते बघवत नाही.

म्हणून सदतिसाव्या वर्षी तिनं बाहेरून दहावी दिली. नापास झाली, परत दिली. मग बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केला. मोठ्या शेठकडं खोली मागितली तर ते म्हणाले बघू. ताजबीला 'बघू'चा अर्थ माहीत होता. एका रविवारी तिनं दोन बाया घेतल्या, बारदानाची खोली स्वतःच रिकामी केली, बारदानं पत्र्याखाली रचली, भिंतींना चुना लावला आणि सोमवारी सकाळी शेठला सांगितलं, "खोली झाली. पोरं बसलीत." बसलेल्या पोरांना उठवायचं शेठच्या जिवावर आलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

तिच्या बालवाडीत एकच मोठा गुन्हा, गप बसणं. रडा, ओरडा, भांडा, पण सांगा. दोन पोरं भांडली की ती उठत नाही. रक्त निघेल असं वाटलं तरच उठते. मग दोघांना एक ओली चादर देते आणि म्हणते, पिळा. एकट्यानं चादर पिळली जात नाही. एकानं इकडून धरायची, दुसऱ्यानं तिकडून, आणि उलटं पिळायचं. दोघं एकाच बाजूला पिळायला लागले की चादर नुसती फिरते. मग आपोआप बोलावं लागतं, अरे तू तिकडून, मी इकडून. पाणी निघेपर्यंत भांडण विसरलेलं असतं. मी आणि दीपक कधी भांडलो तर मलाही वाटतं, आणावी एक चादर.

आणि परात. परात कधी एकाला नाही, दोघांत एकच. वाट्याही दोघांत. तूर कोणत्या वाटीत आणि मसूर कोणत्या, ते दोघांनी ठरवायचं. दाणा उचलायला अंगठा आणि दोन बोटं लागतात, तीच पुढं पेन्सिलीला लागतात. बोटं तयार नसताना पेन्सिल दिली तर पोर अक्षराचा राग धरतं, असं ती म्हणते. आया येतात, म्हणतात, "अक्का, शेजारच्या पोराला एबीसीडी येते, आमच्याला का नाही?" ताजबी विचारते, "शेजारच्याला स्वतःची चड्डी घालता येते का? घरी कोणी आलं तर पाणी विचारता येतं का? हरला तर न रडता परत खेळता येतं का? ते आधी. एबीसीडी कुठं पळून जात नाही."

मला हे सगळं कोणी सांगून पटलं नसतं. पटलं ते ऑगस्टमध्ये, आमच्या गल्लीतल्या नळावर. हंसिका तिची छोटी कळशी घेऊन माझ्यासोबत उभी. मागून एका पोरीनं तिची कळशी ढकलली आणि आपली पुढं लावली. मी मनात म्हटलं, झालं, आता चावणार. भांडायला पदर खोचलासुद्धा. तर हंसिका त्या पोरीकडं वळली आणि सगळ्या नळासमोर, मोठ्यानं म्हणाली, "आधी माझी पाळी आहे. मग तुझी. मी तुला नळ धरून देते."

आणि दिला की हो धरून! मी तशीच पदर खोचून उभी. बाहेरच्या माणसासमोर माझ्या लेकीचं ते पहिलं वाक्य, आणि मला भांडायला काही उरलंच नाही. घरी येऊन मी दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.

त्या दिवशी मी ताजबीकडं जायला पाहिजे होतं. निदान हितेंद्रला फोन करून म्हणायला पाहिजे होतं की तो फोटो पुसून टाक. दोन्ही केलं नाही. का, तर चुकले म्हणायला लागलं असतं. ताठा, दुसरं काय! ताजबी दिसली की मी मान हलवायची, तीही हलवायची. एवढ्यावर मी भागवलं.

जानेवारीत तुरीचा हंगाम लागला. मिलसमोर गाड्यांची रांग. आणि एका सकाळी नाजमीन माझ्याकडं धावत आली, मोबाइल पुढं केला. माझा फोटो. वर लाल अक्षरांत, 'डाळमिलमध्ये चिमुकल्यांना जुंपले! जळगावातील संतापजनक प्रकार.' खाली माझ्या भावाचं चॅनेल. त्याला त्या दिवशी बातमी मिळाली नव्हती, म्हणून त्यानं जुना फोटो काढून लावला. पोरांचे चेहरे झाकले होते, तेवढी अक्कल होती. नाजमीन म्हणाली, "ये मेरा झैद है ना? किसने डाला रे दिपू?" मी म्हटलं, माहीत नाही. हो, असं म्हटलं मी. लपवत नाही.

चौथ्या दिवशी कामगार खात्याचे तपासणीचे साहेब आले. वह्या बघितल्या, खोली बघितली, परत येतो म्हणाले. दीपचंद शेठ वाईट माणूस नाही, घाबरट आहे. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली तसा त्यानं ताजबीला बोलावलं. आम्ही बाया निवडीच्या दारातून ऐकत होतो.

"ताजबी, डाळ काढून टाक. मी बाकं आणतो, भिंतीवर टीव्ही लावतो, इंग्लिश कविता चालू राहतील. एक शिकलेली मिस ठेवू. तू पण राहा, पोरांना शी-शूला नेत जा."

"शी-शूला मी आत्ताही नेते, शेठ. त्याची लाज नाही. पण टीव्हीसमोरच बसवायचं असेल तर पोरं घरी काय वाईट होती? डाळ राहील."

"मग कुलूप राहील."

"लावा."

आणि लावलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या दाराला दिवसा कुलूप लागलं. एका फोटोनं बावीस पोरांचं छप्पर गेलं होतं, आणि तो फोटो ज्या मोबाइलमधून गेला तो माझ्या कमरेला खोचलेला होता.

आम्हाला वाटलं, ताजबी आता घरी बसेल. छे! दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळी आली. पोरांना दोन दोन करून हात धरायला लावले, आणि सरळ मिलच्या वजनकाट्यावर नेऊन बसवलं. वजनकाटा म्हणजे ट्रक चढवायचा तो लोखंडी फलाट. भरलेला ट्रक त्याच्यावर आल्याशिवाय मिलमध्ये जाऊ शकत नाही. पोरं वर्तुळ करून बसली, मध्ये पराती आल्या, आणि बालवाडी सुरू.

काट्यावरचा झुलालभाऊ केबिनमधून धावत आला. "अक्का, काय शे हाई? मांगे अठरा गाड्या उभ्या शेतस!"

"वजन कर," ताजबी म्हणाली.

"कोणाचं?"

"आमचं."

झुलालभाऊनं आकड्याकडं बघितलं. तीनशे चाळीस किलो. बावीस पोरं आणि एक ताजबी. त्याला हसू फुटलं. म्हणाला, "पावती काढू का?"

"काढ. शेठला दे. म्हणावं, माल आला आहे, उतरवायला जागा द्या."

मागं ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. पोरांना वाटलं खेळ आहे, तीही पों पों करायला लागली. आवाज ऐकून आम्ही बाया बाहेर आलो, हातात सुपं तशीच. मुकादम म्हणाला, आत चला. कोणी हललं नाही. नाजमीन म्हणाली, "पोरं बाहेर तर आम्ही बाहेर." मला त्या क्षणी तिचा जितका अभिमान वाटला, तितकीच माझी शरम वाटली.

शेठ पावती हातात घेऊन बाहेर आला. तेवढ्यात तपासणीचे साहेब फाटकातून शिरले. शेठचा चेहरा पांढरा. पोरं डाळ घेऊन बसलेली, तीही उघड्यावर, सगळ्यांसमोर! तो ताजबीवर ओरडला, "परात उचल आधी!" ताजबी जागची हलली नाही. म्हणाली, "लपवायला मी चोरी केली नाही. साहेबांना बघू द्या. पूर्ण बघू द्या, संपेपर्यंत."

साहेब काट्याच्या कडेला उकिडवे बसले. समोर नेमके झैद आणि हंसिका. त्यांनी झैदला विचारलं, "बाळ, ही डाळ कोणासाठी निवडतोस?"

झैद म्हणाला, "हंसूसाठी."

"आणि हंसू कोणासाठी?"

हंसिकानं त्यांच्याकडं असं बघितलं जणू साहेबांना काहीच कळत नाही. "झैदसाठी. तो मसूर, मी तूर. मूग दोघांचे."

"मग पुढं कुठं जाते ही डाळ?"

"थांबा ना, आम्ही आता दाखवतो," माझी लेक म्हणाली. म्हणजे वाट बघायला लावली तिनं साहेबांना! वाट्या भरल्या. ताजबीनं मोठा डबा मध्ये ठेवला. आणि बावीसही पोरांनी आपापल्या निवडलेल्या वाट्या त्या एका डब्यात ओतल्या. तूर, मूग, मसूर, हरभरा, सगळं एकत्र. मग सगळ्यांनी कोपरापर्यंत हात घालून ढवळलं, खिदळत, एकमेकांचे हात पकडत. तासभराची निवड एका मिनिटात परत बठ्ठी, सगळीच्या सगळी, एक.

"रोज असंच?" साहेबांनी विचारलं.

"रोज," हंसिका म्हणाली. "नाहीतर उद्या काय करणार?"

साहेब गुडघ्यावर हात ठेवून उठले. शेठकडं वळून म्हणाले, "वीस वर्षं नोकरी केली. दिवसभर निवडायचं आणि शेवटी पुन्हा मिसळायचं, असा मजूर मला कुठल्या मिलमध्ये दिसला नाही. तुम्हाला दिसलाय का?"

जूनमध्ये त्या तिसऱ्या दिवशी मी भांडून निघाले नसते, दहा मिनिटं थांबले असते, तर हे मलाही दिसलं असतं. पण डाळ निवडणाऱ्या बाईला निवडलेल्या डाळीचं एकच ठिकाण माहीत असतं, शेठचं पोतं. दुसरं काही होऊ शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

साहेबांनी कागदावर काय लिहायचं ते लिहिलं आणि गेले. शेठनं किल्ली काढली. पण भीती गेली की माणसाचा राग वर येतो. तो म्हणाला, "खोली उघडतो. पण फोटो आतून काढला आहे. आमच्याच बाईनं काढला आहे. तिचं नाव कळल्याशिवाय पोरं आत जाणार नाहीत." आणि त्यानं नाजमीनकडं बोट केलं. "तुझ्याकडं नवीन मोबाइल आहे ना?"

तिचंच पोर फोटोत, आणि तिच्यावरच आळ. सगळ्या बाया तिच्याकडं बघायला लागल्या. खरं सांगते, एक क्षण माझ्या मनात आलं, गप बस दिपमाला. हलू नको, बोलू नको. कोणाला कळणार आहे?

समोर काट्यावर पोरं बसली होती, त्यांना तर एकच गोष्ट शिकवलेली, गप बसू नका, सांगा.

"मी काढला," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण पहिल्यांदाच त्यात मिरची नव्हती. "माझ्या भावानं लावला. नाजमीनचा काही संबंध नाही. आणि शेठ, डाळीत चूक नव्हती, माझ्या डोळ्यात होती."

"दिपू, तूने?" नाजमीन एवढंच म्हणाली. ते मला आजही टोचतं.

शेठ म्हणाला, "उद्यापासून कामाला येऊ नको."

मी मान हलवली. तेव्हा ताजबी काट्यावरून उतरली. मला वाटलं, माझ्यासाठी बोलेल. ती शेठला म्हणाली, "तिला ठेवा, काढा, तो तुमच्या मिलचा मामला. हंसिका माझ्या हजेरीत आहे. तिचं नाव मी खोडणार नाही, सांगून ठेवते." शेठनं किल्ली तिच्या हातात दिली. ती पोरांना दोन दोन करून घेऊन गेली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही.

आता मी पलीकडच्या दुसऱ्या मिलमध्ये निवडीवर आहे. काम तेच, डाळ तीच. सकाळी हंसिकाला जुन्या मिलच्या फाटकापर्यंत नेते. मला आत सोडत नाहीत. ताजबी फाटकाशी येते, पोरीला घेते.

माफी मागितली का, विचारता? तीनदा मागितली. तिसऱ्यांदा ती चिडली. "तुझी माफी घेऊन मी लोणचं घालू का? चौदा हजार लोकांनी तो फोटो बघितला म्हणे. त्यांना वाटतंय ताजबी पोरं राबवते. त्यांना जाऊन सांग." मी हितेंद्रला धरलं. त्यानं फोटो काढला, पण खरं काय ते लावायला तयार नाही. म्हणतो, "ताई, अशा बातम्या कोण बघतं?" मी म्हटलं, "नको लावू, मला तोंड आहे." भावाच्या घरचं पाणी मी तेव्हापासून प्यायले नाही.

तर मी सांगत सुटले आहे. नळावर सांगते, बाजारात सांगते. नवऱ्याच्या रिक्षात बसले की सोबतच्या सवारीला सांगते. दीपक आरशातून डोळे वटारतो, वटारू दे. लग्नात जेवणाच्या पंगतीत सांगते. काही लोक म्हणतात, बाई, तुझीच चूक तूच का उगाळतेस? मी म्हणते, माझी आहे म्हणूनच. म्हणून तर तुम्हालाही धरून बसवलं.

रोज सकाळी फाटकाशी ताजबी एकच विचारते, काल किती जणांना सांगितलंस? आज म्हटलं, सात.

"बस?" ती म्हणाली, आणि माझ्या लेकीचा हात धरून आत गेली.